पुलावरची पट्टी

“पॅच मारणार नाही,” पंक्चरवाल्याने सांगून टाकलं आणि पान्हा खाली ठेवला.

“मारणार नाही म्हणजे? मग दुकान कशाला थाटलंय?” हेल्मेटवाला भडकला. घाईत होता, डोक्यावरचं हेल्मेटही त्याने काढलं नव्हतं.

“मधे खिळा असता तर पाच मिनिटांचं काम होतं. ही साइड कटलीय, चांगली बोटभर. तिथे पॅच धरत नाही. वेगात फाटला तर गाडी एकीकडे आणि तुम्ही एकीकडे.”

“वा! म्हणजे नवा टायर गळ्यात मारायचाय. ही थेरं कळतात मला.”

आता पंक्चरवाल्याचं डोकं फिरलं. का नाही फिरणार? वीस वर्षं हात काळे करून त्याने कुणाला एक खोटं पंक्चर दाखवलं नव्हतं. त्याने चिरेवर साबणाचं पाणी ओतलं आणि पंपाने हवा सोडली. फेस उसळून बाहेर आला.

“बघा डोळ्यांनी! आणि टायर मी विकतच नाही. समोरून आणा नाहीतर आणखी कुठून आणा, मी फक्त बसवून देतो.”

हेल्मेटवाला समोरच्या दुकानात गेला आणि नवा टायर घेऊन आला.

जुना टायर रिमवरून सोडवता सोडवता पंक्चरवाल्याने विचारलं, “पुलावरून आलात ना?”

“कशावरून?”

“आठवड्यातला तेरावा टायर आहे हा. सगळ्यांची साइडच कटलेली. पुलाच्या सांध्यावरची लोखंडी पट्टी सुटून वर आलीय. मी कटर घेऊन गेलो होतो कापायला. पहारेकऱ्याने हाकललं. म्हणे, सरकारी मालमत्ता आहे, गुन्हा दाखल करू!”

“हद्द झाली!” हेल्मेटवाला म्हणाला.

“हद्द अजून पाहिलीत कुठे!” पडद्यामागून बाईचा आवाज आला. पंक्चरवाल्याने पडदा सारला. आत खाटेवर त्याची बायको प्लास्टरमधला पाय उशीवर टाकून बसली होती. “त्याच पट्टीवर स्कूटरसकट आपटले मी. हाड दोन ठिकाणी मोडलं. माझं मरू दे. सोमवारी शाळा उघडते. आमची लेक आणि वस्तीतली सगळी पोरं सायकलने त्याच पुलावरून जाणार. अर्ध्या तासाचं काम आहे हो ते! पण कुणाच्या बापाचं काय जातंय?”

“तक्रार नाही केलीत?”

“दोनदा अर्ज दिला बांधकामाच्या कचेरीत. उत्तर नाही की काही नाही. साहेब कधी जागेवर नसतो. कारकून म्हणतो, दौऱ्यावर आहेत. कुठला दौरा करतो कोण जाणे! अजून तोंड पाहिलं नाही आम्ही त्याचं.”

“या खेपेला मात्र सोडत नाही,” पंक्चरवाला म्हणाला. “एकसष्ट सह्या घेतल्यात, फोटो जोडलेत. उद्या शेजारचे मास्तर वरच्या कचेरीत नेऊन देणार आहेत.”

“वरच्या? बघू.”

हेल्मेटवाल्याने अर्ज वाचला. पान उलटून सह्या पाहिल्या, फोटो पाहिले, मग पुन्हा पहिल्यापासून वाचला. वाचता वाचता त्याचा चेहरा लाल झाला.

“माणसं आहेत की कोण ही! पोरांच्या जिवाशी खेळ! असल्याला खुर्चीवरून खाली खेचला पाहिजे!”

पंक्चरवाल्याला बरं वाटलं. जो तो येऊन सही करून, हळहळून गेला होता. असं पोटतिडकीने कुणी बोललं नव्हतं.

“पण वर देऊन काय होणार?” हेल्मेटवाला म्हणाला. “वरचे शेरा मारतील आणि कागद पुन्हा खाली त्याच्याचकडे पाठवतील. त्यात महिना जाईल, आणि तुमचा सोमवार तर तोंडावर आलाय. मी आत्ता पूल ओलांडून परत तिकडेच चाललोय. द्या इकडे, सरळ त्याच्या टेबलावर ठेवतो.”

“तुम्हाला बरं माहीत सगळं?” बायकोने विचारलं.

“कचेऱ्यांच्या पायऱ्या चढण्यात जन्म गेला, वहिनी.”

“मग तुमचीही सही ठोका की. बासष्टावी.”

“माझी तिथेच करतो. त्याच्या टेबलावर, त्याच्याच पेनाने!”

पंक्चरवाला खो खो हसला. टायरमध्ये हवा भरून त्याने चाक गाडीला चढवलं, अर्ज प्लास्टिकच्या पिशवीत घातला.

“अहो, मोबाइलवर फोटो तरी काढून ठेवा अर्जाचा,” बायको म्हणाली.

“गप गं! तो माणूस आपल्यासाठी एवढा तळमळतोय, आणि तुझं काहीतरी भलतंच!”

पिशवी हेल्मेटवाल्याच्या हातात गेली. बसवण्याची मजुरी पंक्चरवाल्याने घेतली नाही. “तेवढं पट्टीचं करा, बस्स,” म्हणाला.

पुलावर हेल्मेटवाला गाडीवरून उतरला. पट्टीला वळसा घालून त्याने गाडी कडेकडेने हातात धरून नेली आणि पलीकडे गेल्यावर पुन्हा वेग घेतला.

कचेरीच्या पायऱ्या तो दोन दोन करून चढला. दारातला शिपाई धडपडत उठला. त्याच्याकडे न बघता तो थेट साहेबांच्या खोलीत शिरला. खुर्ची रिकामीच होती. मागोमाग कारकून काहीतरी सांगायला आला, त्याला त्याने हातानेच परत पाठवलं आणि दार लोटून घेतलं.

मग खिशातून किल्ली काढून त्याने टेबलाचा तळचा खण उघडला, आधीच्या दोन अर्जांवर हा तिसरा नीट ठेवला आणि खणाला कुलूप लावलं.