जादाचा ब्रेक

"सिग्नल ओलांडला की डावीकडे घ्या," मागच्या सीटवरून ती म्हणाली, आणि मास्तरांनी गाडी अशी अलगद वळवली की तिच्या मांडीवरचं पेनसुद्धा हललं नाही.

मास्तर केव्हाच निवृत्त झाले होते, पण 'मास्तर' हे नाव काही सुटलं नव्हतं. निम्म्या गावाला त्यांनी गाडी चालवायला शिकवली होती. शेजारी बसलेला प्रशिक्षकही त्यांच्याच हाताखाली तयार झालेला. आज मात्र शिकवायच्या गाडीतला तो जादाचा ब्रेक त्याच्या पायाशी होता आणि परीक्षा मास्तरांची होती.

उन्हाळ्यात त्यांना अर्धांगाचा हलका झटका येऊन गेला. हातापायांतली ताकद परत आली, जिभेची तर जरा जास्तच आली. मागच्या सीटवरची ती रुग्णालयाच्या व्यवसायोपचार विभागात काम करायची. पहिल्याच दिवशी दारावरची पाटी वाचून मास्तरांनी विचारलं होतं, "काय हो मॅडम, इथे धंदा बसलेल्यांना औषध मिळतं का?" तिने हसून सांगितलं, आंघोळ, शर्टाची बटणं, स्वयंपाक, अशी आजारपणाने हातची गेलेली रोजची कामं इथे पुन्हा हाताला लावून देतात.

"मग मला माझी गाडी द्या," मास्तर म्हणाले. "नातीला शाळेत मीच सोडतो. ते काम मी अजून कुणाला दिलेलं नाही."

टेबलावरच्या चाचण्यांत ते काठावर पास झाले. विभागप्रमुखांच्या मते तेवढं पुरे होतं. "कागदावर पास तो रस्त्यावर पास. तुमच्याच अभ्यासातून आजवर हेच निघालंय ना? आता हेही पास झाले की हा रस्त्यावरचा खटाटोप बंद."

टेबलावर पास झालेले रस्त्यावर कशी चालवतात, हा अभ्यास तिचाच होता, त्यामुळे तिला उलट बोलता आलं नाही. पण मन मानेना. मास्तरांच्या ताटात डाव्या बाजूची कोशिंबीर तशीच राहते, आणि ताट फिरवून दिलं की संपते, असं त्यांच्या बायकोने बोलता बोलता सांगितलं होतं.

बाजार मागे पडला. मास्तरांचा हात सरावाचा. गिअर कधी बदलला ते कळतही नव्हतं. गोदामाच्या लांबलचक भिंतीपाशी डावीकडच्या गल्लीतून एक सायकल बाहेर आली. मास्तरांची मान तिकडे वळली नाही. गाडीचा वेग मात्र एकदम उतरला, सायकल डाव्या कडेने पुढे निघून गेली आणि गाडी पुन्हा चालू लागली.

प्रशिक्षकाचा गुडघा हलला होता. की तसं तिला नुसतं वाटलं? रस्त्यावरची चाचणी टिकायची तर कुणीतरी तिथे नापास व्हावं, याची तिला गरज होतीच. गरजवंताला अक्कल नसते म्हणतात. डोळे तरी कुठून असणार? तिने कागदावर काहीच लिहिलं नाही.

रुग्णालयाच्या आवारात गाडी थांबली.

"एक नंबर, मास्तर!" प्रशिक्षक म्हणाला. "मॅडम, द्या पास करून."

"गोदामापाशी ब्रेक तुम्ही दाबलात का?" तिने विचारलं.

"छे हो! मास्तरांनीच दाबला."

मास्तरांनी इंजिन बंद केलं. "माझा पाय तेव्हा ॲक्सिलरेटरवर होता," ते म्हणाले. "गाडी कशाने अडली, तेच मघापासून मनात शोधतोय."

"अहो मास्तर, तुम्ही पण ना..."

"शिकणाऱ्याला कळू न देता ब्रेक दाबायचा, हे तुला कोणी शिकवलं?"

"तुम्हीच."

"कशासाठी?"

"त्याचा धीर खचू नये म्हणून." प्रशिक्षकाचा आवाज खाली आला. "धीर राहिला तर शिकतो तो."

"मग मी आता काय शिकणार आहे, लेका?"

प्रशिक्षक खिडकीबाहेर बघू लागला. "पण नातीला शाळेत कोण सोडणार?"

"तिच्यासाठीच तर बोलतोय."

अशा वेळी कसं बोलायचं ते तिने घोकून ठेवलं होतं. त्यातलं काहीच तिला आठवलं नाही. "आता गाडी नको, मास्तर," ती म्हणाली. "डावीकडे बघायची सवय आपण पुन्हा लावू. काही महिन्यांनी परत रस्त्यावर येऊन बघू. जमेलच असं वचन मात्र देत नाही."

मास्तरांनी मान हलवली. विभागप्रमुखांना दाखवायला जे हवं होतं ते तिला मिळालं होतं. ते लिहायला तिने पेन मात्र उचललं नाही.

"मॅडम," मास्तरांनी आरशातून तिच्याकडे पाहिलं. "तिथे होतं तरी काय?"

"सायकल. एक म्हातारे गृहस्थ होते, गल्लीतून बाहेर आले."

"लागलं असतं त्यांना."

"हो."

मास्तरांनी उतरायची घाई केली नाही.

"त्यांना वाटलं, तुम्हीच थांबलात," ती म्हणाली. "पुढे जाताना त्यांनी तुम्हाला हात केला."

"मला?"

"हो, तुम्हाला."

स्टीअरिंगवरचा हात काढून मास्तरांनी मांडीवर ठेवला.

"दिसले असते," ते म्हणाले, "तर मीही केला असता."