गफारमामूंची तपासणी

“मामू अवलिया नाहीत. त्यांना ऑटिझम आहे,” गुलबानोनं भर बाजारात सांगून टाकलं.

महांतप्पा दुकानदार नारळ घेऊन गफारमामूंच्या दर्शनाला निघाला होता. तो जागीच थांबला. “म्हंजे रोग हाय?”

“जन्मापासूनचं आहे. म्हणून ते बोलत नाहीत, आपल्यातच असतात.”

महांतप्पानं नारळ पुन्हा पिशवीत घातला.

गुलबानो औरंगाबादला बी.ए. करत होती, मानसशास्त्र घेऊन. अशा माणसांचा उन्हाळ्याच्या सुट्टीत अभ्यास करायला कॉलेजनं तिला शिष्यवृत्ती दिली आणि तिनं सरळ लोहाऱ्याची एसटी धरली. आजोळी ओसरीवरच असा माणूस बसलेला असताना दुसरीकडं कशाला शोधायचा? चाळिशीतले मामू दिवसभर चिंचोके ओळीनं मांडायचे. गाव त्या ओळींवरून पाऊसपाणी ठरवायचं. पाऊस हुकला तर ओळ वाचणाऱ्याला शिव्या बसायच्या, मामूंना नाही.

संध्याकाळपर्यंत गावभर झालं, की गफार अवलिया न्हाय, नुसता येडा हाय.

दुसऱ्या दिवशी मामू रक्ताळलेल्या कपाळानं घरी आले. वेशीपाशी पोरांनी दगड मारले होते. मोठी माणसं बघत उभी होती.

नानी, म्हणजे जमिलाबी, ओलं फडकं घेऊन जखम पुसायला गेली. मामूंनी तिचा हात झटकला. तिनं फडकंच त्यांच्या हातात दिलं आणि नातीकडं वळली.

“ल्हानपणी बी असंच मारायचे त्याला. मग म्याच उठवलं, पोरगा अवलिया हाय म्हणून. त्याला शिवायचं न्हाय, त्याच्यापुढं ताशा वाजवायचा न्हाय, सगळे नेम म्याच काढले. तवापासून कुणी खडा मारला न्हाय.”

“पण नानी, ते खोटं आहे.”

“व्हय. तुझं खरं हाय. आता तुझं खरं घेऊन त्याला एकदा बाजारातून फिरवून आण.”

गुलबानो मग उठली, ओढणी सारखी केली आणि महांतप्पाचं दुकान गाठलं. दुकानात गर्दी होती, ते एक बरं झालं.

“काका, मी घाई केली,” सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेतानं ती म्हणाली. “कॉलेजनं पैसे देऊन मला तपासायला पाठवलं होतं. तपासणी आता पुरी झाली. मामू अस्सल निघाले.”

महांतप्पा तराजू धरून तसाच राहिला. “आन् त्यो रोग?”

“रोग कुठला? ऑटिझम म्हणजे इंग्रजीत अवलिया.”