खरी जागा

वादळाचा इशारा मिळूनही मितेशची होडी परतली नव्हती आणि तिचा वायरलेस गप्प होता. सकाळी तो वायरलेसवर सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला होता, "आम्ही विजयदुर्गासमोर आसंव. मासळीचो पत्तो नाय." त्यावर भरवसा ठेवून गस्तीनौका त्याला शोधायला उत्तरेला गेली होती.

मच्छीमार सोसायटीच्या खोलीत त्याची बायको शर्मिला दारापासून वायरलेसपर्यंत सारखी येरझाऱ्या घालत होती. मासळी लागली की दुसऱ्या होड्या तिथे येऊ नयेत म्हणून मितेश आपली जागा कधीच खरी सांगत नसे. खरी जागा फक्त तिला ठाऊक होती, आणि ती कुणाला सांगणार नाही अशी त्याने तिच्याकडून शपथ घेतली होती. वाऱ्याने खिडकी आपटली.

"गुरुप्रसादभाऊ, तो थंय नाय," ती म्हणाली. "दक्षिणेक, निवतीच्या खडकांभायर शोधा."

सोसायटीच्या गुरुप्रसादने माइक उचलला. "मितेश निवतीच्या खडकांभायर अडाकलो आसा. जवळ कोण आसा?"

सकाळी ज्याने त्याने सांगितलेल्या जागा धरल्या, तर त्या बाजूला एकही होडी नव्हती.

"अरे, आता तरी खरां सांगा रे!" गुरुप्रसाद माइकवर ओरडला.

खरखरीतून दुसऱ्या एका होडीवरच्या लवूचा आवाज आला. "मी थंयच आसंय. जातंय त्याका बघूक."

"मेल्या, सकाळी तू देवगडाक आसंय म्हणालंस मरे?"

"तां मासळीसाठी," लवू म्हणाला, आणि त्याच्या मागोमाग आणखी दोन होड्या त्याच खडकांजवळून बोलल्या.