आईची भूमिका

एम.एस.डब्ल्यू.च्या वर्गात समुपदेशनाचा सराव चालला होता. शैलजाताई वयानं सगळ्यांत मोठ्या, म्हणून मॅडमनी त्यांना स्किझोफ्रेनिया झालेल्या मुलाच्या आईची भूमिका दिली. समोर समुपदेशक म्हणून बसली लेकीच्या वयाची फिरदौस.

"मुलाला झोप लागते का?" फिरदौसनं विचारलं.

"गोळी घेतली तर लागते. नाहीतर भिंतीला कान लावून बसतो. शेजारी आपल्याबद्दलच बोलतात, असं त्याला वाटतं."

"काय अभिनय करतात ताई!" मागून कुणीतरी पुटपुटलं.

ताईंनी मांडीवरचे हात घट्ट आवळले. आपल्या मुलाला हेच दुखणं आहे, हे त्यांनी वर्गात कुणालाच कळू दिलं नव्हतं.

"आणि तुम्हाला, ताई? तुम्हाला झोप लागते का?"

इतक्या वर्षांत डॉक्टरांनी, नातेवाइकांनी जे विचारलं, ते सगळं मुलाबद्दल. हा प्रश्न त्यांना कुणी विचारलाच नव्हता. उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि हुंदकाच बाहेर पडला. मागे दोघा-तिघांनी टाळ्या वाजवल्या.

"टाळ्या नका वाजवू," ताई कशाबशा म्हणाल्या. "हे नाटक नाही. माझ्या मुलाचं नाव ओजस आहे."

फिरदौसनं खुर्ची पुढे ओढली, त्यांचे हात हातात घेतले.

"ओजसला काय आवडतं, ताई?"

आजार सोडून ओजसबद्दल कुणी काही विचारलं, त्यालाही किती काळ लोटला होता! ताई रडता रडता हसल्या.

"कांदाभजी," त्या म्हणाल्या. "पण माझ्याच हातची लागतात त्याला."