पाइपाशेजारचा पंजा

बाथरूमचा हवेचा पाइप गच्चीवर जिथं बाहेर येतो, तिथल्या सिमेंटच्या कड्याला ती दरवर्षी डांबर लावून घ्यायची, एक इवलासा पंजा सोडून. सिमेंट ओलं असताना थोरलीनं तिथं हात उमटवला होता आणि त्याच पावसाळ्यात पोर तापानं गेली. यंदा खाली बाथरूमलगतच्या खोलीत धाकट्याच्या पाळण्यावर छत गळू लागलं, त्याचा खोकला हटेना. गवंडी वाकून हसला, "वैनी, पाणी हितनंच मुरतंय की! एवढीच जागा सोडायचा नवस हाय काय?" "माझ्या लेकीचा हात आहे तो," ती म्हणाली. त्यानं थापी खाली ठेवली. "मग ऱ्हाऊ दे, वैनी." गगनबावड्याकडून आभाळ भरून येत होतं. तिनं डब्यातलं डांबर बोटावर घेतलं. ठशातला तळवा भरला, अंगठा भरला, मग एकेक बोट. करंगळीपाशी हात अडला. खालून धाकटा रडला. "आले रे बाळा," म्हणत तिनं करंगळीही बुजवली.