दोघांची गाडी

सारंगखेडा मागे पडलं आणि पिकअपच्या इंजिनातून खडखड ऐकू यायला लागली. धर्मेंद्रने ॲक्सिलरेटर जरा सोडला, पुन्हा दाबला. खडखड वाढली. बोनेटखालून जळक्या तेलाचा वास आत आला.

त्याच्या आणि धाकट्या भावाच्या, नवलच्या, मध्ये त्यांची आई अनुसयाबाई बसली होती. सकाळी चहा पिताना तिच्या हातातून कप निसटला होता. तोंड एका बाजूला वाकलं आणि उजवा हात उचलेना. गावातल्या डॉक्टरने पाहिलं आणि एक मिनिटही न घालवता शहाद्याला न्या म्हणून सांगितलं. नवलने तिला खांद्याशी धरून बसवलं होतं. तिची मान प्रत्येक खड्ड्याबरोबर हलत होती.

नवलचं लक्ष स्टिअरिंगमागच्या ऑइलच्या लाल दिव्याकडे गेलं.

"हाऊ दिवा कव्हयपाइन लागी ऱ्हायना?"

"तुन्हाकडथीन गाडी उनी तव्हयपाइन," धर्मेंद्र म्हणाला.

गाडी देतानाही दिवा लागलेला नवलने पाहिला होता. आठवडा संपायला आला होता, म्हणून तशीच गाडी भावाच्या दारात नेऊन लावली होती.

वाटणी झाली तेव्हा शेत, विहीर, गोठा, सगळ्याचे दोन भाग पडले. पिकअपचे पडेनात. मग एकेक आठवडा एकेकाने वापरायची असं चार माणसांत ठरलं. आईचाही तसाच एकेक महिना ठरला. दोन्ही भाऊ पिकअपमधून केळीचे घड नेत, खताची पोती आणत. डिझेल ज्याचं त्याने भरायचं, यावर दोघांचं कधी भांडण झालं नाही. इंजिन ऑइलचा विषय मात्र कोणी काढला नव्हता.

एका वळणानंतर आतून कडाडल्यासारखा आवाज झाला. गाडीला धक्का बसला आणि इंजिन बंद पडलं. होता तेवढ्या वेगावर पिकअप थोडी पुढे सरकली आणि केळीच्या बागेशेजारी थांबली. धर्मेंद्रने पुन्हा पुन्हा किल्ली फिरवली. नुसती टक् टक् होत राहिली.

दोघांनी बोनेट उघडलं. उष्ण वाफ तोंडावर आली. नवलने ऑइल मोजायची पट्टी ओढून काढली. टोकाला डांबरासारखं काळं काहीतरी चिकटलं होतं, बाकी पट्टी कोरडी होती. धर्मेंद्रला वाटत होतं, नवलने ऑइल टाकलं असेल. नवलला वाटत होतं, धर्मेंद्र मोठा आहे, तो पाहत असेल. हे दोघांनी एकमेकांना वाढत्या आवाजात ऐकवलं. शेवटी आतून आईच्या घशातला आवाज आला तेव्हा दोघे थांबले. ती सीटवर कलंडली होती.

नवल रस्त्याच्या मधोमध जाऊन उभा राहिला. उसाचे ट्रॅक्टर गेले, पण त्यांच्यावर तिला कुठे बसवणार? एक मोटारसायकलवाला थांबला, आत डोकावून पाहिलं, काही करता येण्यासारखं नव्हतं. धर्मेंद्र फोनवर फोन लावत होता. ज्याच्याकडे गाडी होती तो नंदुरबारला गेला होता, दुसऱ्याचा फोन लागत नव्हता. ऊन डोक्यावर चढत गेलं. तेवढ्या वेळात दोघांनी आळीपाळीने आईला पाणी पाजायचा प्रयत्न केला. पाणी ओठाच्या कोपऱ्यातून गळ्यावर ओघळलं.

शेवटी शहाद्याची एसटी आली. कंडक्टरने पुढची सीट रिकामी करून दिली. धर्मेंद्रने आईला उचललं आणि तो क्षणभर तसाच उभा राहिला. ती इतकी हलकी झाल्याचं त्याला माहीत नव्हतं.

दवाखान्यातल्या डॉक्टरीण बाईंनी तपासलं, डोक्याचा फोटो काढून आणायला लावला, सलाईन सुरू केलं. मेंदूत रक्ताची गाठ अडकली होती. यायला उशीर झाला, वाचा परत येईल असं आता सांगता येत नाही, असं त्या म्हणाल्या. मग त्यांनी बीपीच्या गोळ्या नियमित चालू होत्या का, ते विचारलं.

गेल्या महिन्यात आई धर्मेंद्रकडे होती. तिथे गोळ्या संपल्या, तेव्हा महिना भरत आला होता. नवी पाकिटं नवल आणेल, असं धर्मेंद्र धरून चालला. ती नवलकडे आली तेव्हा गोळ्यांची पिशवी बरोबर असेल, असं नवल धरून चालला. आईने दोघांनाही काही सांगितलं नव्हतं.

डॉक्टरीण बाईंनी थोडा वेळ उत्तराची वाट पाहिली आणि त्या दुसऱ्या पेशंटकडे गेल्या. खाटेच्या एका बाजूला धर्मेंद्र होता, दुसऱ्या बाजूला नवल.

"गोया तुन्हाकडेच सरन्यात," नवल हळू आवाजात म्हणाला.

"मंग तू कसाले नई आन्यात? महिना तुन्हा शे."

सलाईनची बाटली बदलायला आलेली नर्स दोघांकडे न बघता म्हणाली, "दादा, त्यांना बोलता येत नाही. पण ऐकू येतं."

दोघांनी खाली पाहिलं. अनुसयाबाई छताकडे बघत होती. तिचा डावा हात चादरीवरून सरकत पदरापर्यंत गेला. पदर बोटांत धरायला तिला वेळ लागला. मग तो तिने हळूहळू वर ओढला आणि तोंडावर घेतला.