दुपारची आई

एका पायात चप्पल घालून झाली होती. दुसरी घालताना आईनं धाकटीकडे पाहिलं आणि तिथंच सगळं बिनसलं.

धाकटी रडत नव्हती. शेजारच्या काकूंच्या मांडीवर ऐसपैस बसून तिनं हात हलवला आणि हसतमुखानं विचारलं, "टाटा. तुमची ड्युटी संपली ना?" मग मान वर करून काकूंना म्हणाली, "आई, मला पाणी द्याल?"

काकू हरखल्याच. "बघ, मला आई म्हणाली! तू जा गं बिनधास्त. पोर गुणी आहे, डोळ्यात टिपूस नाही."

धाकटी चार वर्षांची होती, आणि या घरात येऊन तिला तीन महिने झाले होते. अनाथाश्रमात सगळ्याच बायकांना आई म्हणायचे. सकाळची आई, दुपारची आई, रात्रीची आई. एकीनं चपला घातल्या की दुसरी यायची. त्यामुळे इथंही संध्याकाळ झाली की ती उशी घेऊन दाराशी बसायची, रात्रीच्या आईची वाट बघत. सासूला म्हणावं तसं 'अहो आई' म्हणायची. बाबा या हाकेवर पोट धरून हसायचे. आईला हसू येत नसे.

मागच्या महिन्यात आई दाढ काढायला गेली आणि दोन तासांत परतली. तेवढ्यात धाकटीनं तिला पार पुसून टाकलं होतं. दहा दिवस तिच्या हातचा घास घेतला नाही. "तुम्ही उद्या या," एवढंच म्हणायची. परवा कुठे पायरीवर आपटली, तेव्हा पहिल्यांदा भोकाड पसरून आईकडे धावली होती. आईनं तिला घट्ट धरलं, आणि धाकटीच्या आधी स्वतःच रडून घेतलं.

आणि आज शाळेत मोठीचं नाटक. केसांना पावडर फासून, हातात काठी घेऊन नऊ वर्षांची मोठी म्हातारी होऊन दारात उभी होती. तिला तीन वाक्यं होती, आणि आठवडाभर घरादाराला ती तीनच वाक्यं ऐकावी लागली होती. पोहण्याच्या स्पर्धेला आईला जमलं नव्हतं. म्हणून आजचं वचन तिनं हातावर हात मारून दिलं होतं. धाकटीलाही नेलं असतं, पण तिच्या कांजिण्यांचे फोड अजून वाळायचे होते. बाबा ट्रक घेऊन परगावी गेले होते.

"आई, चल ना. माझा पहिलाच प्रवेश आहे. आणि ती रडते तरी आहे का?"

"म्हणूनच गं, बाळा."

"म्हणजे रडली असती तर आली असतीस?"

खरं उत्तर 'हो' असंच होतं.

गेल्या वर्षी चर्चमधल्या उपासनेत पाळकसाहेबांनी विचारलं होतं, प्रभूच्या नावानं एका लेकराला घर कोण देईल? आईचा हात आपसूक वर गेला होता. मनापासून गेला होता, त्याचा तिला आजही पस्तावा नव्हता. फक्त हात वर करताना तिनं शेजारी बसलेल्या मोठीकडे पाहिलं नव्हतं.

'प्रभू, मला दोन कर,' ती मनात म्हणाली. काहीच झालं नाही. काकू धाकटीला पाणी पाजत होत्या. आईनं पायातली चप्पल काढली.

"काकू, हिला शाळेत तुम्ही नेता का? मी थांबते."

काकूंनी मोठीकडे पाहिलं, आईकडे पाहिलं, आणि धाकटीला खाली ठेवलं.

धाकटी गोंधळून गेली. "ड्युटी नाही संपली?"

"नाही संपत माझी. मी कुठेही जात नाही."

आईनं तिला उचलून मांडीवर घेतलं. धाकटीनं नीट ऐकून घेतलं, मान डोलावली, आणि दुसरी कोणी येतेय का हे बघायला पुन्हा दाराकडे वळली.

मोठीनं आदळआपट केली असती तर बरं झालं असतं. ती नुसती काठीच्या टोकाशी चाळा करत राहिली. तेवढ्यात टेबलावरचा फोन वाजला, आणि तीच जवळ होती म्हणून तिनं घेतला. पाळकसाहेबांचा खणखणीत आवाज खोलीभर ऐकू आला.

"आईला सांग, येत्या रविवारी तिनं साक्ष द्यायची आहे. अनाथ लेकराला आई कशी मिळाली, ते सगळ्या मंडळीला ऐकू दे."

"सांगते," मोठी म्हणाली. मग जरा थांबून तिनं विचारलं, "पाळकसाहेब, तुमच्या ओळखीनं आश्रमात एक जागा मिळेल का?"

"मिळेल की! का नाही मिळणार? कुणासाठी?"

मोठीनं फोन आईच्या हातात ठेवला आणि काकूंचं बोट धरून जिना उतरू लागली.

"हॅलो," पाळकसाहेब आनंदानं विचारत होते, "कुणासाठी हवी आहे जागा?"